लाडवांखालचे लुगडे

दिवाळी तोंडावर आली किंवा शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या आपल्या जुन्या वस्त्यांतील घरांतून एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. बैठकीच्या खोलीत मधोमध दोन मोठ्या बॅगा आ वासून पडलेल्या असतात. शेजारी वजनाचा काटा. एका खुर्चीवर लोणच्याच्या बरण्या, दुसरीवर भाजणीच्या पिशव्या, आणि खाली जमिनीवर बसून घरची कर्ती स्त्री नवऱ्याचे दोन सदरे हळूच बाजूला काढून त्या जागी मेतकुटाचे पुडके बसवीत असते. विमान कंपनी एका बॅगेस तेवीस किलो देते. त्यांतील अठरा किलो खाद्यपदार्थांचे असतात, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. उरलेल्या पाच किलोंत माणसाने आपली लाज राखावयाची.

या प्रथेला परंपरा मोठी आहे. सुदामा द्वारकेस निघाला तेव्हा पत्नीने शेजारपाजारून पोहे मागून आणले आणि जुनेऱ्यात बांधून दिले. राजवाड्याचा थाट पाहून तो संकोचला व ती पुरचुंडी त्याने काखेत लपविली. परमुलखात प्रवेश करताना जवळील खाद्यपदार्थ न सांगणारा आमच्या माहितीतील हा पहिला प्रवासी. आणि ‘काखेत काय आहे, पाहू?’ असे म्हणून ती ओढून काढणारा श्रीकृष्ण हा पहिला कस्टम अधिकारी. फरक इतकाच, की त्याने जप्त केलेला माल स्वतः खाल्ला आणि दंड करण्याऐवजी सुदाम्याला सोन्याची नगरी दिली. हल्लीच्या अधिकाऱ्यांकडून इतकी अपेक्षा करू नये.

आमची थोरली कन्या टेक्सासमध्ये असते. २०१९ साली तिचे पहिले बाळंतपण होते. आम्ही उभयता प्रथमच सातासमुद्रापार निघालो होतो. सौ. नी महिनाभर आधीपासून तयारी चालविली. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, काळा मसाला, कारळाची चटणी. आणि मुलगी जन्मली-वाढली हैदराबादेत, म्हणून आवकाय आणि गोंगुऱ्याचे लोणचेही. आमच्या आजोबांच्या काळी हीच गोंगुऱ्याची पाने घरात ‘आंबाडी’ म्हणून शिजत. आज आमच्या मुलांना भाकरीबरोबर पिठले लागते आणि भाताबरोबर आवकाय. माहेरची चव म्हणजे नेमकी कोणती, असे त्यांना विचारले तर ती दोन्हींकडे बोट दाखवितात. पुण्याच्या आप्तांना हे चमत्कारिक वाटते. आम्हांस वाटत नाही.

निघण्याआधी शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांचा सल्ला घेतला. त्यांनी काही गोष्टी खऱ्या सांगितल्या. खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, म्हणाले. आणि हे अगदी बरोबर आहे. सुके खोबरे तेलकट असते आणि साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांकच दिलेला आहे. ज्या खोबऱ्याची वाटी आपण देवापुढे ठेवतो, ती विमानाच्या दृष्टीने जवळजवळ स्फोटकाच्या पंक्तीला बसते. आमचा प्रवास आखाती देशातून होता. तेव्हा लाडवांत खसखस घालू नका, असेही त्यांनी बजावले. हा सल्ला तर वाचकांनी गाठीस बांधून ठेवावा. खसखस ही अफूच्या बोंडातील बी. आपल्याकडे ती अनारशाला लावतात. पण संयुक्त अरब अमिरात, सौदी अरबस्तान आणि सिंगापूर येथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. आखातात गेलेली आपली मुले पुष्कळ आहेत. दिवाळीत त्यांना अनारसे धाडण्याचा मोह आईला होतोच. तो आवरावा, किंवा अनारसे तिळाचे करावेत. खसखशीचा अनारसा मुलाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकतो.

परंतु याच गृहस्थांनी शेवटी जो सल्ला दिला, त्यापायी आमची फजिती झाली. “विमानात एक कागद देतील,” ते म्हणाले, “त्यात ‘खाण्याचे पदार्थ आहेत का’ असे विचारलेले असते. खुशाल ‘नाही’वर खूण करा. ‘हो’ म्हटलेत की तासभर अडकून पडाल. आम्ही चार खेपा केल्या, एकदाही कोणी बॅग उघडली नाही.”

तो कागद खरोखरच मिळाला. सगळ्या कुटुंबास मिळून एकच. त्यावरील वाक्यरचना मोठी मासलेवाईक होती. ‘मी (आम्ही) सोबत आणीत आहे (आहोत)’ असे आरंभी, आणि पुढे एकाच ओळीत फळे, भाज्या, वनस्पती, बिया, अन्न आणि कीटक! अन्न आणि कीटक यांना एका पंगतीत बसविलेले पाहून आम्ही मनातल्या मनात हसलो. ही पंगत किती विचारपूर्वक मांडलेली होती, ते पुढे कळले. आम्ही ‘नाही’वर खूण केली आणि खाली सही ठोकली. सहीच्या वर छापले होते की, वरील मजकूर सत्य आहे. पंचवीस वर्षे आम्ही मुलांच्या खोट्या रजाचिठ्ठ्या पकडीत आलो आहोत. बापाची सही मुलाने केली असेल तर अक्षराच्या वळणावरून क्षणात ओळखतो. स्वतःच्या सहीकडे मात्र आम्ही त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

आता बॅगेत काय होते, ते सांगितले पाहिजे. वर सांगितलेल्या पदार्थांखेरीज दोन वस्तू होत्या. एक, ओल्या फडक्यात गुंडाळलेला ताजा कढीलिंब, तो सौ. नी आपल्या साडीच्या घडीत ठेवला होता. दुसरी, आमच्या आईने दिलेली पुरचुंडी. आई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. ‘नातीची ओटी माझ्या हातच्या तांदळांनी भरा,’ म्हणून तिने स्वतः निवडलेले पाच मुठी तांदूळ आणि एक हळकुंड, आपल्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून दिले होते. डोळ्यांना नीट दिसत नसता तिने ते दोन दुपार निवडले. ती पुरचुंडी आम्ही बॅगेच्या अगदी तळाशी, लुगड्या-साड्यांच्या खाली ठेवली.

अमेरिकेतील एका मोठ्या विमानतळावर बॅगा येण्याची वाट पाहत आम्ही उभे होतो. इतक्यात हिरवे जाकीट घातलेला एक लहानसा कुत्रा आमच्या बॅगेजवळ आला, तिला हुंगले, आणि शांतपणे खाली बसला. भुंकला नाही, ओरखडले नाही. सौ. ना वाटले, मुके जनावर भुकेले आहे. त्या पर्समधून बिस्किट काढू लागल्या. कुत्र्याची दोरी धरणाऱ्या माणसाने हसून नको म्हटले आणि आमच्या कागदावर एक खूण केली. बीगल जातीचे हे कुत्रे १९८४ पासून तेथील विमानतळांवर याच कामी नेमलेले आहेत, आणि वास लागला की मुकाट्याने खाली बसणे हीच त्यांची साक्ष, हे आम्हांस मागाहून समजले.

टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी बाई होत्या. आमच्या शाळेत नुकत्याच लागणाऱ्या शिक्षिकांच्या वयाच्या. त्यांनी कागद पाहिला आणि अत्यंत सौजन्याने विचारले, ‘यात काही खाण्याचे आहे का?’ हीच ती वेळ होती. कागदावरची चूक तोंडाने सुधारता आली असती. त्यासाठीच त्या विचारीत होत्या, असे आता वाटते. आम्ही पुन्हा ‘नाही’ म्हटले.

मग बॅग उघडली. लाडू निघाले, मेतकूट निघाले, लोणची निघाली. या सगळ्यांकडे त्यांनी पाहिले, एक-दोन पुडकी हुंगली आणि बाजूस ठेवली. साडीच्या घडीतून कढीलिंब निघाला. शेवटी तळची पुरचुंडी निघाली. गाठ सोडून त्यांनी तांदूळ तळहातावर घेतले आणि विचारले, ‘आपण काय करता?’ आम्ही सांगितले, ‘सरकारी शाळेत मुख्याध्यापक आहे.’ त्यावर त्या काही म्हणाल्या नाहीत. काही तरी म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

तीनशे डॉलर दंड झाला. आपले एकवीस हजार रुपये. कढीलिंब आणि तांदूळ जप्त. बाकी सर्व परत बॅगेत. म्हणजे ‘होय’वर खूण केली असती, तर तीच दोन चिजा गेल्या असत्या, तेच लाडू राहिले असते, आणि दंडाचा प्रश्नच आला नसता, सांगितलेली वस्तू निषिद्ध निघाली तर ती काढून घेतात, माणसाला दंड करीत नाहीत. सौ. नी तेवढ्यात धीर करून खुणेने ते फडके मागितले. बाईंनी तांदूळ एका पिशवीत ओतले, फडके झटकून पाहिले आणि हळकुंडासह परत दिले.

या दोन निरुपद्रवी वस्तूंवर इतका रोष का, हे आम्ही नंतर मुद्दाम वाचून काढले. कढीलिंबाच्या पानांवर एक बारीक कीड राहते. ती संत्र्या-लिंबांच्या झाडांवर गेली की त्यांना असाध्य रोग जडतो. फळ हिरवे, कडू राहते आणि झाड काही वर्षांत मरते. फ्लोरिडात हा रोग २००५ साली आढळला आणि तेथील संत्र्यांच्या बागांचे उत्पन्न त्यानंतर निम्म्याच्याही कितीतरी खाली गेले. फोडणीतील चार पानांच्या मागे एवढा इतिहास आहे. ताज्या आंब्याचेही असेच. त्याच्या कोयीत भुंगा असतो. २००७ साली लासलगावच्या केंद्रात किरणांची प्रक्रिया करून आपला आंबा अमेरिकेस जाऊ लागला, तो व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून. प्रवाशाच्या पिशवीतल्या हापुसाला अजून ती मुभा नाही.

तांदळाची कथा तर आमच्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यास विशेष रोचक. धान्यात होणारा एक भुंगा आहे, त्याला साऱ्या जगाच्या इंग्रजी पुस्तकांतून ‘खापरा’ म्हणतात! शब्द आपल्याकडचा. संस्कृत खर्पर, त्याचे खापर. हिंदीत कौल-विटेला खपरा. याची अळी विटांच्या भिंतींच्या फटीत दडून बसते, खाण्यावाचून वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून हे नाव. १९५३ साली हा प्राणी कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा गोदामेच्या गोदामे ताडपत्रीत गुंडाळून आत विषारी वायू सोडावा लागला. १९६६ पर्यंत ही मोहीम चालली आणि सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर खर्ची पडले. खापरा असलेल्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यास अमेरिकेने २०११ पासून बंदी केली आहे. आपल्या शब्दाने जगभर संचार करावा ही आमची जुनी इच्छा. ती अशा रीतीने पूर्ण झालेली पाहून काय वाटले, ते सांगता येत नाही.

तर ओटी कशी भरली? तेथील एका भारतीय दुकानातून तांदूळ आणले. पिशवीवर ‘भारताचे उत्पादन’ असेच छापले होते. रीतसर तपासणीचा दाखला घेऊन जहाजाने आलेले तेच तांदूळ. ते आईच्या फडक्यात बांधले, वर तेच हळकुंड ठेवले. मुलीला काही सांगितले नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, “तांदूळ पोचले का रे?”

“पोचले,” आम्ही म्हणालो.

एकाच प्रवासातील हे तिसरे खोटे. पहिली दोन परक्या सरकारला सांगितली होती.

परत आल्यावर पंधरा दिवस आम्ही ते मनात ठेवले. मग एके दुपारी आई दाणे निवडीत बसली होती, तिच्याजवळ बसून सगळे सांगून टाकले: कागद, कुत्रा, दंड, तांदूळ. वाटले होते, तिला वाईट वाटेल. ती ऐकून घेता घेता हसू लागली. “म्हणजे करोडगिरी अजून आहे म्हणायची,” ती म्हणाली.

तरुण वाचकांसाठी थोडा खुलासा. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्यास करोडगिरी म्हणत. अकबराने एक कोट दाम वसुलीच्या मुलखावर करोडी नेमले, त्या हुद्द्यापासून हा शब्द आला. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाची सरहद्द ही खरीखुरी सरहद्द होती. नाणे वेगळे, इकडे हाली, तिकडे कलदार. इंग्रजी मुलखातून माल आणावयाचा तर नाक्यावर करोडगिरी भरावी लागे. पुष्कळ काळ तिचा दर शेकडा पाच होता. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या छावण्यांतील सैनिकांनी ज्या ठाण्यांवर हल्ले केले, त्यांत हे करोडगिरी नाकेही होते. सोलापूर इंग्रजांकडे आणि तुळजापूर निजामाकडे. मध्ये काही कोसांचे अंतर. लग्नाचा बस्ता सोलापुरास घ्यावयाचा आणि लग्न अलीकडे करावयाचे, अशी कितीतरी घरे होती. आईचे माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातले. २०२३ पासून ज्याला धाराशिव म्हणतात, तेच.

१९४२ चा उन्हाळा. आईच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरलेले. आमची आजी आणि अकरा वर्षांची आई सोलापुराहून परतत होत्या. आजीने लेकीसाठी जरीकाठी नवे लुगडे घेतले होते. ते घडी करून डब्याच्या तळाशी ठेवले, त्यावर कागद, आणि कागदावर बुंदीचे लाडू रचले. नाक्यावर गाडी थांबली. नाकेदाराने आजीला विचारले, डब्यात काय? आजी म्हणाली, लाडू. त्याने झाकण काढले, लाडूच होते. तो झाकण लावणार, इतक्यात त्याची नजर आईकडे गेली. “का गं पोरी, लाडूच आहेत ना?”

“हो,” आई म्हणाली, “आणि खाली ताईचं लुगडं आहे.”

करोडगिरी भरावी लागली. आजीने गाडीतच तिला असा चिमटा काढला, की त्याची खूण लग्नापर्यंत राहिली. पुढे माहेरी सगळे तिला ‘करोडगिरी’च म्हणत. पन्नास वर्षांच्या आयुष्यात ही गोष्ट आम्ही तिच्या तोंडून त्या दिवशी प्रथम ऐकली.

तेव्हा लाडवांखाली लुगडे दडविले, आता आम्ही लुगड्यांखाली तांदूळ. आम्ही तिला विचारले, “तुला तेव्हा भीती नाही वाटली?”

“त्यानं विचारलं की,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, दाण्यांतला खडा बाजूला टाकीत, “मला आधी विचारलं असतंस तर मी तांदूळ दिलेच नसते. फडकं दिलं असतं नुसतं.”

आई २०२२ च्या माघात गेली. २०२४ साली कन्येच्या दुसऱ्या बाळंतपणास आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस आम्ही बॅगेतील प्रत्येक पदार्थाची यादी करून इंग्रजीत टंकलिखित केली. मेतकुटापुढे ‘भाजलेल्या डाळी-तांदळाचे मसालेदार पीठ’, भाजणीपुढे ‘भाजलेल्या धान्यांचे पीठ’ असे लिहिले. घरगुती पदार्थांना छापील वेष्टन नसते, म्हणून अशी यादी फार उपयोगी पडते, वाचकांनीही करावी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जाणाऱ्यांनी तर अवश्य. तेथील नियम अधिक कडक आहेत. पूजेची पाने-फुलेसुद्धा सांगावी लागतात, आणि न सांगितलेल्या एका फळापायी न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो. लोणचे मात्र कोठेही न्या, बरणीवर तीन पिशव्या घाला. कायद्यापेक्षा तेलाने केलेले नुकसान आमच्या पाहण्यात अधिक आहे.

टेबलापलीकडे यावेळी एक पोक्त गृहस्थ होते. ‘काही खाण्याचे?’ त्यांनी विचारले. ‘होय, पुष्कळ,’ म्हणून आम्ही यादी पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि मेतकुटावर बोट ठेवून विचारले, हे कशाबरोबर खातात?

‘भाताबरोबर,’ आम्ही सांगितले.

त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले. ‘आणि तांदूळ?’

‘तांदूळ तुमच्या दुकानातून घेणार.’

ते हसले, यादीवर शिक्का मारला आणि आमची बॅग पुढे सरकविली. सगळे मिळून दहा मिनिटे. बाहेर नात आजीच्या पर्समध्ये हात घालून खाऊ शोधू लागली, तेव्हा तिच्या हाती प्रथम लागले ते पातळाचे फडके. सौ. नी ते घडी करून पुन्हा आत ठेवले. त्यात या खेपेस काही बांधलेले नव्हते.